खरेदीच्या कागदावरची सही

उद्योगांतल्या वरिष्ठ मंडळींना पर्यावरणाचे प्रशिक्षण देण्याच्या कामात बरीच वर्षे गेल्यावर एका गोष्टीबद्दल माझी खात्री झाली आहे. कारखान्याचा मालक किंवा कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक पर्यावरणाबाबत अजाण नसतो. नदी कशाने काळी पडते, बोअरचे पाणी दरवर्षी खाली का जाते, वळीव वेळेवर का येत नाही, हे त्याला नीट ठाऊक असते. पुष्कळदा प्रशिक्षकापेक्षा जास्तच ठाऊक असते, कारण त्याची शेती गावाकडे असते आणि भाऊबंद त्याच नदीकाठी राहतात. तरीही आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणे त्याला काही माहीत नाही असे धरून आखली जातात. वितळणारे हिमनग, तापमानवाढीचा आलेख, शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे, दुपारी गटचर्चा आणि शेवटी आवारात रोप लावून छायाचित्र. माणसे मनापासून ऐकतात, अस्वस्थही होतात, आणि सोमवारी कामावर गेल्यावर शुक्रवारी घेतलेलेच निर्णय पुन्हा घेतात. हा ढोंगीपणा म्हणता येणार नाही. ऐकलेली गोष्ट आणि सहीसाठी समोर आलेला कागद यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की पर्यावरणाच्या बाबतीत नेतृत्व घडवायचे असेल, तर माहिती देण्यात वेळ घालवू नये. जे निर्णय फक्त त्या एका माणसाच्या हातात आहेत, ते उघडून तपासायला त्याला शिकवावे. खरेदीचे निकष कोणते, गुंतवणूक किती वर्षांत वसूल व्हावी, कुणाला कशासाठी बढती मिळते, वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते की नाही, या गोष्टींवर कारखान्याच्या धुराचे आणि सांडपाण्याचे प्रमाण ठरत असते. त्या गोष्टी कुठल्याही पर्यावरण अधिकाऱ्याच्या अखत्यारीत नसतात.

एक अगदी रोजची घटना घेऊ. पंधरा किलोवॉटची मोटार जळते. मेंटेनन्सचा सुपरवायझर ती भरायला टाकतो. रिवाइंडिंगचे दुकान एमआयडीसीच्या फाटकाजवळच असते, दोन दिवसांत मोटार परत येते, खर्चही नव्या मोटारीच्या मानाने किरकोळ येतो. उत्पादन थांबले नाही, खरेदी विभागाचे पैसे वाचले, सगळे समाधानी. पण जुनी वाइंडिंग जाळून काढताना गाभ्याच्या पत्र्यांना जास्त उष्णता लागली किंवा तारेचा गेज बदलला, की मोटारीची कार्यक्षमता घसरते, आणि प्रत्येक खेपेला थोडी आणखी घसरते. आता हिशेब मांडू. ही मोटार पाऊण भाराने वर्षाला 6000 तास चालली, तर 75,000 युनिटच्या आसपास वीज खाते. युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाला 6 लाख रुपये. नवी मोटार याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात येते. म्हणजे ज्या किमतीवर घासाघीस होते ती मोटारीची खरी किंमतच नव्हे. खरी किंमत पुढची दहा-पंधरा वर्षे विजेच्या बिलातून भरली जाते. दोन-तीनदा भरलेल्या जुन्या मोटारीच्या जागी आयई-4 या वरच्या कार्यक्षमता-दर्जाची मोटार बसवली, तर सहा-सात टक्के वीज सहज वाचते. वर्षाला 5000 युनिट म्हणजे 40,000 रुपये. देशाच्या ग्रिडमधल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा साडेतीन टनांचे उत्सर्जनही टळते. एका मोटारीचा हा हिशेब. मध्यम आकाराच्या कारखान्यात अशा शंभर-दीडशे मोटारी असतात.

हे कुणालाच कळत नाही असे नाही. इलेक्ट्रिशियनला कळते, ऊर्जा लेखापरीक्षक तर अहवालात लिहूनच देतो. तरी मोटारी भरल्या जात राहतात, कारण तीन माणसे तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. खरेदी अधिकारी पहिली किंमत मोजतो, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेखेरीज दुसरी निवडली तर लेखापरीक्षणात उत्तर त्याला द्यावे लागते. मेंटेनन्सवाला मशीन किती तास बंद राहिले ते मोजतो. वीजबिल जाते लेखा विभागाकडे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार वेगवेगळे छापलेले असतात, पण कुठल्या मोटारीने किती वीज खाल्ली ते त्यात कुठेच नसते. तिघेही आपापले काम चोख करतात आणि कारखाना मात्र दरवर्षी पैसे जाळतो. हे तीन हिशेब एका कागदावर आणण्याचा अधिकार संस्थेत एकाच माणसाला असतो. त्याने एवढाच आदेश काढला की अमुक क्षमतेच्या पुढची मोटार एकदाच भरायची, दुसऱ्यांदा जळली तर भंगारात काढायची, आणि नवी घेताना दहा वर्षांच्या विजेसकट दरांची तुलना करायची, तर वातावरणबदलावरच्या दहा व्याख्यानांनी होणार नाही ते काम होते. खरेदी अधिकाऱ्याच्या डोक्यावरची टांगती तलवारही त्या आदेशाने निघते. नेतृत्व मी याला म्हणतो. ते व्यासपीठावर दिसत नाही.

दुसरी अशीच जागा म्हणजे परतफेडीची मुदत. नव्या उत्पादनासाठी मशीन घ्यायचे असेल, तर पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतील या अंदाजावर संचालक मंडळ मंजुरी देते. तो अंदाज बाजारपेठेवर, मागणीवर, स्पर्धकांवर अवलंबून असतो. तेच वीज किंवा पाणी वाचवणारे उपकरण घ्यायचे म्हटले, की दीड-दोन वर्षांत पैसे परत आले पाहिजेत अशी अट येते. वास्तविक वाचलेली वीज हे जास्त भरवशाचे उत्पन्न असते, कारण त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. प्रशिक्षणाला आलेल्या मंडळींना त्यांच्याच कंपनीतले दोन्ही प्रकारचे मंजूर आणि नामंजूर प्रस्ताव शेजारी-शेजारी ठेवायला सांगितले, की ही दुहेरी मोजपट्टी त्यांच्या लगेच लक्षात येते. तिच्यामागे काही धोरण नसते. वर्षानुवर्षे पडलेला तो प्रघात असतो. महिंद्र अँड महिंद्रने 2016 मध्ये आपल्या अंतर्गत हिशेबासाठी टनाला 10 डॉलर अशी कार्बनची किंमत ठरवली. विजेच्या युनिटमागे मोजले तर त्या वेळी ही रक्कम 50 पैशांच्या आसपास होती. एवढ्याने फार मोठे प्रस्ताव उलटेपालटे होत नाहीत, हे मान्य. पण उत्सर्जन हा आकडा गुंतवणुकीच्या तक्त्यात एक ओळ म्हणून आला, आणि एकदा ओळ आली की ती मोकळी का सोडली असे विचारता येते. हा फरक मला 10 डॉलरपेक्षा मोलाचा वाटतो.

या क्षेत्रात इंटरफेस या अमेरिकी गालिचा कंपनीची गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिचे संस्थापक रे अँडरसन यांना 1994 मध्ये कंपनीच्या पर्यावरणविषयक भूमिकेवर भाषण करायचे होते, आणि कायदा पाळतो यापलीकडे सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. त्या सुमारास पॉल हॉकेन यांचे ‘द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ हे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि त्यांचा दृष्टिकोन पालटला. पुढे कंपनीने 2020 पर्यंत पर्यावरणावरचा दुष्परिणाम शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. प्रशिक्षणात ही गोष्ट बहुधा हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून सांगतात, आणि ऐकणारा मनात म्हणतो की माझ्या मालकाला असे पुस्तक कोण देणार. मला तिचा उत्तरार्ध जास्त कामाचा वाटतो. त्या कंपनीने कचऱ्याची व्याख्याच बदलली. ग्राहकाला ज्याचा उपयोग नाही असे काहीही कचरा, आणि त्याचे मोजमाप शून्यापासून. मग कामगारांच्या सूचनांवर चालणारी कचरा कमी करण्याची मोहीम सुरू झाली आणि तिच्यातून वाचलेल्या पैशांनी पुढच्या कामांना बळ मिळाले. त्याच कंपनीच्या शांघायच्या कारखान्यातले एक उदाहरण तर प्रत्येक प्लांट हेडने पाहावे असे आहे. एका प्रक्रियेतल्या पंपांना मिळून 95 अश्वशक्ती लागेल असे मूळ आराखड्यात धरले होते. एका अभियंत्याने पाइप जाड घेतले. यंत्रे आधी मांडून मग पाइप वळवत नेण्याऐवजी पाइप आधी सरळ आणि आखूड मांडले, आणि यंत्रे त्यांच्या सोयीने बसवली. काम 7 अश्वशक्तीत भागले. यात नवे तंत्रज्ञान काहीच नव्हते. पाइपचा व्यास वाढला की घर्षण जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते, हे पदविकेच्या पुस्तकातही असते. आपल्याकडे मात्र पाइपांचे काम सगळ्यांत शेवटी येते. फिटरला उरलेल्या जागेतून एल्बोवर एल्बो लावत वाट काढावी लागते, आणि पाइपच्या दरात वाचवलेले पैसे पंप आयुष्यभर वसूल करतो. जाड पाइप जास्त महाग पडतो या कारणाने तो नाकारायचा की पाइप आणि पंप यांचा खर्च एकत्र धरायचा, हा निर्णय फिटरचा नव्हे.

म्हणून प्रशिक्षणाची जी पद्धत मला खात्रीची वाटते तिच्यात स्लाइड्स जवळजवळ नसतात. येणाऱ्याने आपल्या कारखान्याचे बारा महिन्यांचे वीजबिल, पाण्याचे बिल, घातक कचऱ्याच्या पावत्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि गेल्या दोन वर्षांतले नामंजूर झालेले गुंतवणूक प्रस्ताव बरोबर आणायचे. पुढचे दिवस त्यावरच काम. संमतीपत्राची पहिली चार पाने सोडून मागच्या अटी अनेक संचालकांनी कधी वाचलेल्या नसतात. वाचताना चर्चा आपोआप सुरू होते. त्यानंतर शॉपफ्लोअरवर जायचे, पाहणीसाठी आलेल्या पाहुण्यासारखे मात्र नाही. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या फाउंड्रीचे उदाहरण देतो. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. या शंभर युनिटांच्या फरकात कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. भट्टीचे झाकण उघडे राहिले की लाल रस आकाशाकडे तोंड करून उष्णता फेकत राहतो. साचे तयार नसतील तर वितळलेला रस नुसता गरम ठेवण्यावर वीज जाते. भंगारात माती आणि गंज असेल तर स्लॅग वाढते. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे रिजेक्शन. सदोष निघालेले प्रत्येक कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, म्हणजे त्यावर वीज दोनदा लागते, वाळू दोनदा लागते, माणसाचे श्रम दोनदा लागतात.

झाकण उघडे का राहते असे भट्टीवाल्याला विचारले, की उत्तर लगेच मिळते. सिलिंडर गळतो, मागणी देऊन बरेच दिवस झाले. साचे तयार का नव्हते, तर महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई, त्यामुळे योजना दिवसातून तीनदा बदलते. वाळूची आर्द्रता का चुकली, तर तपासणारा माणूस फिनिशिंगला हलवला होता. रिजेक्शन म्हणून जो आकडा दिसतो त्याचे धागे असे ओढत गेले, की ते एकेक करून वरच्या मजल्यावर पोहोचतात. महिन्याची निम्मी विक्री शेवटच्या आठवड्यात दाखवण्याची सवय तिथे मंजूर झालेली असते. ती बदलली तर भट्टीवरची वीज कमी होते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरे आहे. प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी क्षण मला हाच वाटत आला आहे. वरिष्ठ माणूस कामगाराचे निष्काळजीपण शोधायला खाली जातो, आणि त्याच्या हाताला स्वतःचेच एक वेळापत्रक लागते. पर्यावरण, दर्जा आणि नफा हे तीन वेगळे विषय आहेत ही समजूत तिथे मोडते. त्यासाठी निराळे व्याख्यान लागत नाही.

पर्यावरण हा वेगळा विषय आहे ही समजूत घट्ट होण्याला आपल्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) कायद्याचाही हातभार लागला आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यातून तळी खोल झाली, झाडे लागली, शाळांना पाणी मिळाले. त्या कामांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण पर्यावरण म्हणजे सीएसआरचे खाते, असे समीकरण अनेक संचालकांच्या मनात बसून गेले. वास्तविक त्याच कायद्याच्या नियमांप्रमाणे कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. स्वतःच्या चिमणीचा धूर आणि स्वतःच्या नाल्यातले पाणी हा सीएसआरचा विषय होऊच शकत नाही. तो विषय त्याच कायद्याच्या कलम 166 मध्ये आहे. तिथे पर्यावरणाचे रक्षण हे संचालकाच्या कर्तव्यांमध्येच घातलेले आहे. 2 टक्क्यांची चर्चा तासभर आणि उरलेल्या 98 टक्क्यांची चर्चा शून्य, अशी संचालक मंडळाची बैठक होत असेल, तर विषयपत्रिकेचा क्रम बदलणे हेच प्रशिक्षणाचे पहिले काम ठरते.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप असा की अशा प्रशिक्षणांतून कंपन्यांचे प्रमुख फक्त नवी भाषा शिकतात. नेट झिरो, ईएसजी, चक्रीय अर्थव्यवस्था हे शब्द तोंडात बसतात, अहवाल देखणे होतात, नदी होती तशीच राहते. हा आक्षेप निराधार नाही. फोक्सवॅगनचे प्रकरण त्याचा धडधडीत पुरावा आहे. सप्टेंबर 2015 मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने तिला वाहन उद्योगात अव्वल ठरवले, आणि त्याच महिन्यात काही दिवसांनी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने तिचा बनाव उघड केला. डिझेल गाड्यांमध्ये असे सॉफ्टवेअर बसवले होते की चाचणी चालू असतानाच प्रदूषण नियंत्रण यंत्रणा पूर्ण काम करी. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. त्या कंपनीत ज्ञानाची, अहवालांची, प्रशिक्षणाची उणीव होती असे कोण म्हणेल? ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मर्यादेत बसणारे इंजिन होत नाही, हे वरच्यांना सांगता येईल अशी हवा तिथे नसावी, असा माझा निष्कर्ष आहे. या आक्षेपाला माझे उत्तर म्हणून असे, की भाषा शिकवणारे प्रशिक्षण खरोखरच निरुपयोगी आहे, प्रसंगी घातकही. पण त्यावरून प्रशिक्षणच नको हे सिद्ध होत नाही. वाईट बातमी ऐकण्याचे शिक्षण द्यायला हवे, इतके सिद्ध होते.

या शिक्षणाचा अभ्यास कुठल्याही कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर करता येतो. या प्रकल्पाच्या (ईटीपीच्या) केबिनमध्ये एक रजिस्टर असते. त्यात दर दोन-चार तासांनी पीएच, प्रवाह, वायुवीजन टाकीतला ऑक्सिजन लिहायचा असतो. पुष्कळ ठिकाणी पानामागून पान 7.2, 7.2, 7.3, 7.2 असे चाललेले असते, सगळे एकाच पेनाने, एकाच बसक्या अक्षरात, रात्रपाळीचेसुद्धा. जिवंत प्रक्रियेचे आकडे असे नसतात. उत्पादनात रंग बदलला, टाकी धुतली, आम्लाचा पिंप सांडला, की ते हलणारच. न हलणारे आकडे पाहून ज्या संचालकाला हायसे वाटते त्याला अजून शिकायचे आहे, आणि ज्याला ते पाहून काळजी वाटते तो या विषयात नेता व्हायला लायक आहे. पण काळजी वाटली म्हणून ऑपरेटरला कामावरून काढले, तर पुढच्या ऑपरेटरचे आकडे आणखी गुळगुळीत होतील. आकडा बिघडला त्या दिवशी लिहून ठेवणाऱ्याला शाबासकी आणि दडवणाऱ्याला जाब, असा रिवाज वरून पडावा लागतो. आता अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सांडपाण्यावर आणि चिमण्यांवर ऑनलाइन मापनयंत्रे बसली आहेत. नियंत्रण मंडळाला आकडे थेट दिसतात. ही प्रगती मोठी आहे. तरी यंत्राचे कॅलिब्रेशन कोण करतो, नळी कुठल्या प्रवाहात बुडवली आहे, हे शेवटी माणसांवरच येते.

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. उद्योग कायद्याच्या दंडुक्यालाच ऐकतात, तेव्हा प्रशिक्षणाचा खटाटोप कशाला? तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापडउद्योगाचे उदाहरण यासाठी नेहमी पुढे केले जाते, आणि ते योग्यच आहे. नोय्याल नदी रंगाच्या पाण्याने खारट झाली, खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नापीक झाल्या, वर्षानुवर्षे मुदती मागितल्या गेल्या. शेवटी जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगकाम आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करायला लावले. त्या आदेशाशिवाय काही हलले नसते, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण न्यायालय कारखाना बंद करू शकते. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडता तो पुन्हा चालू कसा करायचा, हे न्यायालयाला सांगता येत नाही. मीठ वेगळे काढून परत वापरायचे कसे, सामाईक प्रकल्पाचा खर्च लहान-मोठ्यांत वाटायचा कसा, वाढलेला खर्च निर्यातीच्या दरात बसवायचा कसा, हे प्रश्न तिथल्या उद्योजकांनाच एकत्र बसून सोडवावे लागले. तोपर्यंत ज्या कामगारांचा रोजगार बुडाला त्यांचा यात काय दोष होता? कायदा खालची मर्यादा आखतो. ती मर्यादा येऊन आदळण्याआधी तयारी करणे हे नेतृत्वाचे काम, आणि प्रशिक्षण त्यासाठीच हवे. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या 1000 कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. तो भरण्यासाठी सल्लागार मिळतात. भरलेल्या अहवालातला पाण्याचा आकडा वाचून पुढच्या वर्षीचा विस्तार कुठे करायचा हे ठरवणारा संचालक सल्लागाराकडून मिळत नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो मला आदराने घ्यावासा वाटतो. पाश्चात्त्य देशांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती केली, आता आमच्या कारखानदाराने काटकसर का करावी? जागतिक वाटाघाटींत भारताने हा मुद्दा लावून धरला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत या युक्तिवादाचा उपयोग थोडा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली. तिथे ऐतिहासिक उत्सर्जनाचा हिशेब कुणी विचारला नाही. गावाला प्यायला पाणी नव्हते. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकारही असाच. ऑक्टोबर 2023 पासून त्याची माहिती द्यावी लागू लागली आणि जानेवारी 2026 पासून त्याचा पूर्ण टप्पा सुरू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते आणि अगदी नट-बोल्टसुद्धा त्यात येतात. हा आकार अन्यायाचा आहे असे म्हणणाऱ्या निर्यातदारालाही टनामागचे उत्सर्जन मोजून द्यावेच लागते. मोजलेलेच नसेल तर आयातदाराच्या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे उत्तर नसते.

शेवटचा आक्षेप लहान कारखानदाराचा, आणि माझ्या मते या साऱ्या प्रशिक्षणाची खरी कसोटी तोच आहे. तो म्हणतो, मोठी कंपनी मला दरवर्षी दर कमी करायला लावते, पैसे नव्वद दिवसांनी देते, आणि आता लांबलचक प्रश्नावली पाठवून विचारते की तुमचे उत्सर्जन किती. मी वाळू पुन्हा वापरायचा प्रकल्प कुठून उभारू? त्याचे म्हणणे बरोबर आहे. अशा माणसाला एकट्याला बोलावून पर्यावरणाचे नेतृत्व शिकवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दरवर्षी दर उतरवण्याचा करार ज्याने केला त्या मोठ्या कंपनीच्या खरेदीप्रमुखाला त्याच्या शेजारी बसवायला हवे, आणि दोघांसमोर एकाच कास्टिंगचा हिशेब मांडायला हवा. किलोमागे वाळू किती, वीज किती, रिजेक्शन किती, टाकाऊ वाळू कुठे जाते, तिथवरचा ट्रकचा खर्च कोण देतो. असा हिशेब मांडला, की खरेदीप्रमुखाच्या हातात बऱ्याच गोष्टी असल्याचे दिसू लागते. ड्रॉइंगमधली एक अनावश्यक जाडी कमी करणे, मागणीचे वेळापत्रक महिनाभर आधी पक्के करणे, पैसे पंचेचाळीस दिवसांत देणे, आणि वर्षाच्या ऑर्डरऐवजी तीन वर्षांचा करार करणे. या शेवटच्या गोष्टीचे वजन बाहेरच्यांना कळत नाही. तीन वर्षांच्या करारावर बँक कर्ज मंजूर करते. ऑर्डरच्या एका पत्रावर करत नाही. शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत वाळू परत वापरण्याचा प्रकल्प उभा राहील की ती वाळू रस्त्याकडेला ढिगाऱ्यात जाईल, हे पुष्कळदा पुण्या-मुंबईच्या एखाद्या खरेदी विभागात ठरते. त्या विभागाचे लोक पर्यावरणाच्या प्रशिक्षणाला अजून क्वचितच येतात. बोलावणारेही त्यांना बोलावत नाहीत. आमंत्रण जाते ते सीएसआर प्रमुखाला आणि पर्यावरण अधिकाऱ्याला. ही यादी बदलायला कुठल्या कायद्याची गरज नाही.